अमीबाचा घास आणि मेचनिकॉफ

सूक्ष्मदर्शकाखाली अमीबा पाहताना मला एल्या मेचनिकॉफ हटकून आठवतो. अमीबाला ना तोंड, ना पोट! तरी तो शिकार करतो. छद्मपाद पसरून तो भक्ष्याला चहूबाजूंनी वेढतो आणि पाण्याच्या थेंबासकट आत घेतो. ही इवली पिशवी म्हणजे अन्नरिक्तिका. तिच्यात आम्ल उतरते, भक्ष्य मरते, विकरे त्याचे विघटन करतात. सत्त्व पेशीत शोषले जाते, चोथा बाहेर पडतो. एकपेशीय जीवांना निळ्या लिटमसचे कण खाऊ घातले, तर ते आत लाल होतात, हे मेचनिकॉफने १८८९ मध्ये दाखवून दिले.

त्याचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधील खारकोव्हजवळचा. विसाव्या वर्षीच, जर्मनीत शिकत असताना, एका चपट्या कृमीच्या पेशीही अमीबाप्रमाणेच अन्न गिळून पचवतात, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे मात्र दुर्दैव आड आले. १८७३ मध्ये पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने गेली. त्याने मॉर्फिन घेतले. मात्रा जास्त झाल्याने उलटी होऊन तो वाचला. १८८१ मध्ये खचलेल्या मनाने त्याने पुनरावर्ती ज्वराच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. तेव्हाही मरण हुकले.

ओडेसा विद्यापीठातील जागा सोडून १८८२ मध्ये तो सिसिलीतील मेसिना येथे गेला. तेथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभांतील फिरत्या पेशी पाहताना त्याला प्रश्न पडला: ज्या पेशी अन्न गिळतात, त्या शत्रूलाही गिळत नसतील काय? त्याने डिंभात गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा! या भक्षक पेशींच्या सिद्धांताला जर्मनीतील अनेक विद्वानांनी कडाडून विरोध केला. शरीराचे रक्षण पेशी नव्हे, रक्तद्रव करतो, असे त्यांचे म्हणणे. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत राहून मेचनिकॉफ झुंजत राहिला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि रक्तद्रवाच्या बाजूच्या पॉल एरलिखला विभागून मिळाले. दोघांचेही खरे होते, हे पुढे सिद्ध झाले. १९१६ मध्ये पॅरिसलाच त्याचे निधन झाले.

मला यात एक नवल वाटते. दोनदा जीव द्यायला निघालेल्या माणसाने, देह जगण्यासाठी कसा अहोरात्र लढतो, ते जगाला दाखवले. बोटात काटा रुतला की आपल्याही पांढऱ्या पेशी तेथे धावतात, जंतूंना गिळतात, पचवतात आणि कित्येक स्वतः मरतात. आपण ज्याला पू म्हणून किळसतो, त्यात या सैनिकांची कलेवरे असतात. अमीबाचा तो जुना घासच आपले रक्षण करीत असतो.