वर्ध्याचा क्रांतिकारक मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाला, आणि त्याच्या मुलींना दोन देश मिळाले

पावसाळा सुरू झाला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर शेगडीवर कणसं भाजायला लागतात. लिंबू, मीठ, लाल तिखट लावलेलं ते कणीस आपल्याला इतकं आपलं वाटतं की ते परदेशातून आलंय हे डोक्यातही येत नाही. पण मका मूळचा मेक्सिकोचा. लाल तिखटाची मिरची तिकडचीच, आणि डहाणू-घोलवडहून मुंबईत येणारा चिकूसुद्धा त्याच भागातला.

या गोष्टी मेक्सिकोतून आपल्याकडे आल्या. एक मराठी माणूस मात्र उलट्या दिशेनं गेला आणि मेक्सिकोच्या लोकांना त्यांचाच मका सुधारून देऊ लागला. त्याचं घर मेक्सिकोत वसलं, मुली तिथे जन्मल्या आणि शेवटी सगळं कुटुंब नागपूरला आलं. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्याहून निघाले ते सैन्याचं शिक्षण घ्यायला

खानखोजेंचा जन्म १८८०च्या दशकात वर्ध्याला झाला. तरुणपणी त्यांच्यावर लोकमान्य टिळकांचा प्रभाव होता. इंग्रजांना घालवायचं तर शस्त्र चालवता आलं पाहिजे, ही त्यांची पक्की समजूत. त्यासाठी ते जपानला गेले आणि तिथून अमेरिकेला.

अमेरिकेत त्यांनी दोन गोष्टी शिकल्या. एक लष्करी शिक्षण आणि दुसरी शेती. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन अशा राज्यांत राहून त्यांनी कृषिशास्त्राच्या पदव्या मिळवल्या. त्याच काळात १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. लाला हरदयाळ आणि पंजाबी कामगार-शेतकऱ्यांच्या बरोबरीनं खानखोजेही तिच्या पहिल्या फळीत होते.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ते इराणच्या बाजूनं इंग्रजांशी लढायला गेले. तो प्रयत्न फसला. पुढची काही वर्षं बर्लिन, मॉस्को अशी भटकंती झाली. भारतात परतायची सोय नव्हती, कारण इंग्रज सरकारच्या लेखी ते धोकादायक इसम होते.

मग मेक्सिकोच का?

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला पोहोचले. तिथे नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती आणि जमीन कसणाऱ्याच्या हाती द्यायची, हा तिचा एक मुख्य मुद्दा होता. शेतीचं शास्त्र जाणणारा आणि स्वतः क्रांतिकारक असलेला माणूस त्या सरकारला हवाच होता.

राजधानीजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या नव्या जाती तयार करणं हे त्यांचं काम. मक्याचा एक रानटी पूर्वज आहे, टिओसिंटे. त्याचा मक्याशी संकर करून एका ताटाला अनेक कणसं लागतील अशी जात त्यांनी तयार केली.

हे काम मेक्सिकोत किती मोलाचं, हे समजण्यासाठी तिथलं स्वयंपाकघर पाहायला हवं. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, धुऊन वाटायचे आणि त्या पिठाची पातळ भाकरी थापून तव्यावर भाजायची. हीच टॉर्टिया. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, तशी तिकडे ही. म्हणजे मक्याचं पीक वाढलं की गरिबाच्या ताटातली भाकरी वाढते.

म्हणून खानखोजे विद्यालयाच्या भिंतीआड थांबले नाहीत. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यातल्या एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सापाता याचं नाव दिलं होतं. छायाचित्रकार टीना मोदोत्ती हिनं खानखोजे आणि त्यांच्या कामाचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा स्नेही होता. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरानं रोजच्या भाकरीचं एक चित्र काढलंय. त्यात भाकरी वाटणारा माणूस खानखोजेंवरून रंगवला, असं सांगितलं जातं.

दोन नव्हे, तीन देशांचं घर

१९३६ मध्ये खानखोजेंनी जीन अलेक्झांड्रिन सिंडिक यांच्याशी लग्न केलं. त्या बेल्जियमच्या होत्या. खानखोजे तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. त्यांना दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया.

आता या घराकडे नीट पाहा. वडील विदर्भाचे, आई बेल्जियमची आणि अंगण मेक्सिकोचं. मुलींची नावंही बघण्यासारखी. सावित्री ऐकलं की आपल्याला वटपौर्णिमा आठवते. माया हे नाव आपल्याकडे घरोघरी सापडतं, आणि मेक्सिकोच्या दक्षिण भागातल्या एका प्राचीन संस्कृतीचं नावही माया हेच आहे.

या घरातली खरी अडचण वेगळी होती. वडिलांनी ज्या देशासाठी उभं आयुष्य दिलं, तो देश मुलींनी पाहिलाच नव्हता आणि दाखवायची मुभाही नव्हती. एरवी परदेशातल्या मराठी घरातली मुलं सुट्टीत आजोळी येतात, चुलत भावंडांशी भांडतात, गणपतीला ताटभर मोदक खातात. इथे तो रस्ताच बंद होता. वर्धा मुलींपर्यंत पोहोचणार ते फक्त वडिलांकडून. मेक्सिको मात्र दाराबाहेरच होता आणि तो वडिलांच्या कामातून घरातही येत होता.

एकाचं परतणं, दुसरीचं स्थलांतर

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि खानखोजेंसाठी दार उघडलं. १९५०च्या दशकात हे कुटुंब नागपूरला स्थायिक झालं. वडिलांसाठी तो वनवास संपल्याचा क्षण होता. पण मुलींच्या बाजूनं विचार केला तर चित्र उलटं होतं. ज्या देशात जन्म झाला, जिथली माती, भाषा, जेवण ओळखीचं, तो देश सोडून त्या वडिलांच्या देशात येत होत्या. एकाच प्रवासाला बाप घरी परतणं म्हणत होता आणि लेकींसाठी ते घर सोडणं होतं.

दोन संस्कृतींत मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक आईबापापुढे कधीतरी हा प्रश्न येतोच. आपला वारसा मुलांना द्यायचा, पण तो देताना त्यांचा स्वतःचा वारसा काढून घ्यायचा नाही. हे जमतं की नाही, याचं उत्तर मुलं मोठी झाल्यावर काय जपतात त्यावरून मिळतं.

जानेवारी १९६७ मध्ये खानखोजेंचं निधन झालं. भारतात त्यांचं नाव हळूहळू विस्मरणात गेलं. ते परत आणलं सावित्री साहनी यांनी, म्हणजे त्यांच्या मेक्सिकोत जन्मलेल्या मुलीनं. २००८ मध्ये त्यांनी लिहिलेलं वडिलांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालं. त्यात वर्ध्याचा क्रांतिकारकही आहे आणि चापिंगोचा प्राध्यापकही. लेकीनं दोन्ही देश एकाच पुस्तकात जपले.

पुढे २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. ज्या आवारात ते मका शिकवायचे, तिथेच आता ते उभे आहेत.