अंगणात आलेली शाळा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा वाटलं, सहल, गॅदरिंग, मागच्या बाकावर खाल्लेल्या चिंचा यांवर लिहावं. पण ते बाकीच्या मैत्रिणी माझ्यापेक्षा छान लिहितील. मी लिहिते आहे ताराबाई मोडकांवर. का, ते शेवटी सांगते.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला विरोध नव्हता. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढे राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या भारतीय. ती मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. अडीच-तीन वर्षांच्या मुलांनाही शिकायचं असतं, आणि ते छडीशिवाय, आपल्या हातांनी शिकतात, हे तेव्हा लोकांना पटवून द्यावं लागे. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 'शिक्षण पत्रिका' काढली. नंतर मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालवलं.

ही पद्धत मारिया माँटेसरींची. त्यांचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत निघालं होतं. आईबाप कामावर जात आणि मुलं दिवसभर मोकाट फिरत, म्हणून ते काढलेलं. आपल्याकडे मात्र ही पद्धत महागड्या लाकडी साधनांसह शहरातल्या सुखवस्तू घरांपर्यंतच पोचली. ताराबाईंना हीच गोष्ट टोचत होती.

म्हणून वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दोघींनी बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. तेव्हा मुलं येत नाहीत तर आपण जाऊ, असं ठरवून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच शाळा मांडली. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, मोजणी. साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या. अंगणवाडी ती हीच.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तेव्हा ताराबाई ६५ वर्षांच्या होत्या. तिथे पुन्हा अडचण आली. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर मुली घरी धाकटी भावंडं सांभाळत. दोघींनी आईबापांना दोष दिला नाही, शाळाच बदलली. गुरं चरतात त्या कुरणात शिक्षक जाऊ लागले; ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा हे सगळं एकाच ठिकाणी आणलं, ती विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात ठेवून ताई शेजारी वर्गात बसू शकली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातलं ते नाव देशभर गेलं.

आता कारण. आपल्या वर्गात, सहावीपर्यंत, खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. कधीकधी कडेवर भाऊ घेऊन यायची. आई कामावर जायची, दुसरा इलाज नव्हता. तो रडला की वर्गात हसू पिकायचं. मी मॉनिटर होते. त्याच्यामुळे गडबड होते म्हणून मीच तक्रार केली. तिला बाळ आणू नकोस असं सांगण्यात आलं. ती बाळाला आणायची थांबली, म्हणजे स्वतःच यायची थांबली. मी हजेरीत तिच्यापुढे गैरहजर लिहीत राहिले आणि एक दिवस नावच कमी झालं. तेव्हा मला ते शिस्तीत काम केल्यासारखं वाटलं होतं.

आज सॉफ्टवेअरच्या कामात, एखादी गोष्ट माणसांना वापरता आली नाही तर माणसं चुकली असं म्हणून आम्हाला सुटता येत नाही. आमची रचना चुकली, असं धरून ती बदलावी लागते. कोसबाडला हे साठेक वर्षांपूर्वी कळलं होतं. मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

स्नेहमेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालावरून केली आहे. त्यात ती नाही. तिच्यासारखे आणखी पाच-सहा जण तरी मला आठवतात. संयोजकांना विनंती आहे की पाचवीच्या हजेरीपटावरून यादी पुन्हा करावी. पत्ते शोधायचं काम मी घेते. तिच्या घरी निमंत्रण द्यायला मीच जाईन.