इंद्रायणीच्या पाण्यात दोनदा

दरवर्षी आषाढी एकादशीच्या साधारण दहा-अकरा दिवस आधी तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते. मग काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण, इंदापूर, सराटी आणि नीरा ओलांडून पुढे अकलूज. ट्रॅफिक वळवलेला असतो, एसटीचा मार्ग बदललेला असतो, सबमिशनला उशीर झाला तरी सर फारसे बोलत नाहीत! आपण मोबाइलवर फोटो काढतो, टाळ-मृदंगाच्या तालावर दोन पावले चालतो आणि पालखी पुढे जाते. पण मित्रांनो, त्या पालखीत ज्यांच्या पादुका आहेत तो माणूस नक्की कोण होता?

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्यांना तुकोबा भेटतात ते दोनच ठिकाणी. एक म्हणजे मराठीच्या पुस्तकात (चार मार्कांचे रसग्रहण!) आणि दुसरे कॅलेंडरवर. हातात वीणा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर शांती. त्या चित्रामुळे एक गोष्ट आपण विसरतो. तुकोबांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे संकट आले तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढे!

त्यांचा जन्म देहूचा, साल साधारण 1608 मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी आणि विठ्ठलाचे मंदिर. जातीने कुणबी, शेती होती, दुकान होते, सावकारी होती, गावच्या बाजाराची महाजनकी होती. थोडक्यात, खाऊनपिऊन सुखी घर. थोरले भाऊ सावजी विरक्त वृत्तीचे, त्यामुळे व्यवहार मधल्या तुकोबांवर आला. आपण आठवी-नववीत क्रिकेट खेळत असतो त्या वयात ते हिशेब बघत होते. पहिल्या पत्नी रखमाबाईंना दम्याचा त्रास, म्हणून पुण्याच्या गुळवे सावकारांच्या मुलीशी, जिजाबाईंशी, दुसरे लग्न झाले. याच जिजाबाईंना आपण आवली म्हणून ओळखतो.

मग एकेक खांब कोसळत गेला. सतराव्या वर्षाच्या सुमारास आई-वडील गेले. वहिनी गेल्या, आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. धंद्यात खोट आली. आणि त्यावर आला 1630 चा दुष्काळ.

हा दुष्काळ साधासुधा नव्हता. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पाऊस फसला. शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने त्याची नोंद करून ठेवली आहे. पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे तेव्हा शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळले. म्हणजे आभाळही फाटलेले आणि राज्यही. आज आपल्याकडे भाटघर आहे, उजनी आहे, नीरा डावा कालवा आहे. पण तो कालवा आला 1885 साली, 1876-77 च्या दुष्काळाने हजारो माणसे मेल्यानंतर. तुकोबांच्या काळी यातले काहीच नव्हते. पाऊस नाही म्हणजे दाणा नाही, एवढेच गणित.

त्या दुष्काळात रखमाबाई अन्न अन्न करत गेल्या. लहानगा संतूही गेला. दुकान बुडाले, दिवाळे निघाले, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. ही काही नंतर कोणी रचलेली कथा नाही. आपल्या दिवाळ्याबद्दल आणि भुकेने गेलेल्या बायकोबद्दल तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे. कसलाही आडपडदा न ठेवता! आपण एक एटीकेटी लागली तरी घरी सांगायला चार दिवस लावतो.

एवढे झाल्यावर माणूस काय करेल? देवाला शिव्या देईल किंवा गाव सोडेल. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. तिथून परतल्यावर त्यांनी जे केले ते मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत धाडसाचे काम वाटते. घरात लोकांच्या कर्जाची खते पडून होती. दुष्काळात सगळेच बुडालेले, पण कागदावर तुकोबांचे पैसे येणे होते. धाकटे भाऊ कान्होबा यांनी आपला वाटा मागितला. परंपरा सांगते की तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, कान्होबांचा त्यांना दिला आणि आपला भाग इंद्रायणीत सोडून दिला. लक्षात घ्या, श्रीमंताने केलेला हा दानधर्म नव्हता. ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची खात्री नाही, त्याने दुसऱ्यांना मोकळे केले.

याची किंमत आवलींनी मोजली, हेही लिहायला हवे. सिनेमात आणि कीर्तनात त्यांना कजाग दाखवतात, लोक हसतात. पण पदरात मुले, घरात दाणा नाही आणि नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर! तरी भाकरी घेऊन ती बाई डोंगर चढायची. तिच्या जागी आपली आई असती तर? मला तरी हसू येत नाही.

तुकोबांनी पडझड झालेले विठ्ठलाचे मंदिर दुरुस्त केले, आधीच्या संतांची वचने पाठ केली. मग स्वप्नात नामदेव आले आणि त्यांनी अभंग रचायला सांगितले, असे ते स्वतः म्हणतात. नामदेव त्यांच्या तीनशे वर्षे आधीचे. देहूच्या एका बुडालेल्या दुकानदाराला वाटले की ते अर्धे राहिलेले काम आता आपले आहे. शेती, बाजार, माप, तराजू, कर्ज, भूक, सगळे त्या अभंगांत आले.

आणि इथे समाज आडवा आला. कुणब्याने धर्मावर बोलायचे, तेही मराठीत, आणि ब्राह्मणांनी त्याच्या पाया पडायचे? देहूतल्या मंबाजींनी त्यांना काट्यांनी मारले. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी अधिकार नाही म्हणून विरोध केला. शेवटी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत त्यांनी दुसऱ्यांची कर्जे आपखुशीने सोडली, त्याच नदीत स्वतःची सगळी कमाई सोडायची वेळ आली. तुकोबा धरणे धरून बसले. तेरा दिवस अन्नपाणी नाही.

तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आपण इंजिनिअरिंगवाले लगेच विचारणार, कागद कोरडा कसा राहील? विचारा, जरूर विचारा. पण एक गोष्ट तर श्रद्धा न ठेवताही दिसते. छापखाना नसलेल्या त्या काळात हे अभंग देहूहून थेट कोल्हापूरपर्यंत पोचले होते. तिथे ते ऐकून बहिणाबाई नावाच्या, विशीच्या आसपासच्या ब्राह्मण मुलीने तुकोबांना गुरू मानले. नवऱ्याचा मार खाल्ला, पण मानलेला गुरू सोडला नाही, आणि पुढे ती देहूला आली. तिने स्वतःच हे लिहून ठेवले आहे. जे इतक्या लोकांच्या तोंडी बसले होते ते नदीत बुडणार कसे? चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी ते उतरवूनही घेत होते. आणि ज्या रामेश्वर भट्टांनी विरोध केला तेच पुढे शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आजही म्हणतात, ती त्यांचीच.

1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. वारकरी त्याला सदेह वैकुंठगमन म्हणतात. त्यांच्या मागे जन्मलेल्या नारायणबाबांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. 1869 ते 1873 मध्ये सरकारी मदतीने गाथा छापली गेली, आणि प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ तर व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

मला मात्र पुन्हापुन्हा पहिलेच बुडवणे आठवते. दुसऱ्या वेळचे कागद परत आले म्हणून आपण चमत्कार मानतो. पहिल्या वेळचे परत आले नाहीत, ते परत यावेत अशी तुकोबांची इच्छाच नव्हती. खरा चमत्कार तो!

आपल्यातले कितीतरी जण बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांतून आलेले आहेत. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो आणि रूममेट गप्प गप्प राहू लागतो. मेसचे बिल थकते, परीक्षेचा फॉर्म राहतो, आणि एक दिवस तो बॅग भरून गावी निघतो. आपल्याकडे सावकारीची खते नाहीत. पण त्याने आपल्याकडून घेतलेले दोन-चारशे रुपये तरी आपण वहीत लिहून ठेवलेले असतात ना? ते पान फाडायला नदीसुद्धा लागत नाही.