मायभूमीची मूठभर माती

भगिनींनो, लग्न होऊन आपण सासरी येतो, तरी सणावाराला माहेरची वाट मोकळी असते. परंतु जिचे सारे माहेरच एका दिवसात परके झाले, अशा एका थोर गायिकेचे चरित्र आज सांगावयाचे आहे. त्या म्हणजे क्यूबाच्या सेलिया क्रूझ.

सेलियाबाईंचा जन्म 21 ऑक्टोबर 1925 रोजी हवाना शहरात एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबात झाला. वडील रेल्वेत कामाला होते. घर मुलाबाळांनी भरलेले. धाकट्या भावंडांना अंगाई म्हणून निजविण्याचे काम सेलियाकडे असे. मुलीने शिक्षिका व्हावे, गाण्याच्या फंदात पडू नये, असे वडिलांना वाटे. आईने मात्र लेकीला प्रोत्साहन दिले. रेडिओवरील एका गायनस्पर्धेत त्यांनी पहिले बक्षीस मिळविले. ते बक्षीस होते एक केक!

1950 साली 'सोनोरा मातान्सेरा' या नामांकित वाद्यवृंदात त्यांना स्थान मिळाले. आधीच्या गायिकेच्या चाहत्यांनी प्रथम नाके मुरडली. सेलियाबाई डगमगल्या नाहीत. थोड्याच दिवसांत सारे क्यूबा त्यांच्या आवाजावर लुब्ध झाले.

1959 साली क्यूबात क्रांती झाली. पुढल्या वर्षी जुलैत हा वाद्यवृंद कार्यक्रमांसाठी मेक्सिकोस गेला, तो परतला नाही. सेलियाबाई पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. 1962 साली आई निवर्तली. अंत्यदर्शनासाठी येऊ देण्याची त्यांची विनंती क्यूबाच्या सरकारने नाकारली. ज्या आईने गाण्याची वाट दाखविली, तिचे मुखही शेवटी दिसले नाही. हे शल्य त्यांना जन्मभर राहिले.

त्याच वर्षी वाद्यवृंदातील तुतारीवादक पेद्रो नाइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे पेद्रोंनी आपले वादन बाजूस ठेवून पत्नीच्या कार्यक्रमांची व्यवस्था अंगावर घेतली. असा संसार आपल्याकडेही विरळाच!

न्यूयॉर्कमध्ये क्यूबन तालांतून 'साल्सा' नावाचे नृत्यसंगीत बहरले. 1974 साली जॉनी पाचेको यांच्यासमवेत काढलेल्या ध्वनिमुद्रिकेने सेलियाबाई त्याच्या सम्राज्ञी ठरल्या. भडक रंगांचे झगे, उंच केशभूषा आणि गाता गाता दिलेली 'असुकार', म्हणजे 'साखर', ही आरोळी! कडू क्यूबन कॉफीत साखर हवी का, असे विचारणाऱ्या एका वाढप्याच्या गोष्टीतून ती आरोळी निघाली, असे त्या सांगत. 1994 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय कलापदक मिळाले.

क्यूबाच्या भूमीवर त्यांचे पाऊल पुन्हा एकदाच पडले, 1990 साली, ग्वान्तानामो येथील अमेरिकन तळावर. कार्यक्रमासाठी गेल्या असता कुंपणापलीकडचा आपला देश त्यांनी डोळे भरून पाहिला आणि तेथली थोडी माती बरोबर आणली.

16 जुलै 2003 रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षी मेंदूच्या आजारातून उठून त्यांनी शेवटची ध्वनिमुद्रिका पुरी केली होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे दफन झाले, तेव्हा तीच जपलेली माती त्यांच्यासोबत ठेवण्यात आली. जिला मायभूमीत परतता आले नाही, तिला मूठमाती मात्र मायभूमीचीच मिळाली.

स्वतःच्या वाट्याला कडूपणा येऊनही जगाला साखर वाटणाऱ्या या भगिनीस आपल्या मंडळाचे विनम्र अभिवादन.