कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब फाळके

कोटरा सुल्तानाबादेत माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलांपैकी काहीजण अलीकडे संगणकावरील चित्ररचनेकडे आणि प्रायोगिक व्हिडिओकडे वळली आहेत. त्यांचे पालक, भोपाळात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांतले, काळजीने विचारतात की सुरांची बैठक टाकून पोराने हा पडद्याचा खेळ का धरला. अशांना मी धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र सांगत असतो. आद्य चित्रपटकार दादासाहेब सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीचे दादासाहेब फारच थोड्यांस माहीत असतात.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी त्यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलाची ओढ मात्र चित्राकडे होती. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तेथे छायाचित्रण, मूर्तिकाम, वास्तुकला असे हाती लागेल ते तो शिकला. तिरंगी ठसे करण्याची विद्या घेण्यास तो रतलामला आला, म्हणजे आपल्या या माळव्यातच. संस्थानांनी केवळ गवई आणि पहिलवान पोसले असे म्हणणारांना हे उदाहरण दाखवावे. दरबारी गवयाचा मुलगा असल्याने मला ते दाखवताना विशेष समाधान वाटते.

पुढची वीस वर्षे धरसोडीची वाटतात. गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान थाटले, तर प्लेगने पत्नी व मूल दोन्ही नेली. मग नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले, आणि त्यासाठी आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा हे नाव घेतले. पुराणवस्तु खात्यातील नोकरी स्वदेशीच्या लाटेत सोडली. छापखाना काढला, १९०९ साली जर्मनीस जाऊन यंत्रे आणली, आणि भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. त्या वेळी वय चाळिशीचे होते. आजच्या एखाद्या बापाने अशा मुलाविषयी काय म्हटले असते, हे सांगावयास नको.

याच सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्र पाहिले आणि आपले रामकृष्ण असेच पडद्यावर हलतील, या विचाराने झोप उडाली. रात्रंदिवस चित्रे पाहून आणि खटपट करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचाराने दृष्टी परत येताच विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले.

यानंतर त्यांनी जे केले त्यावर मी नेहमी रेंगाळतो. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची चित्रे टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा चित्रपट जेमतेम मिनिटभराचा. मूकपटाची गती सेकंदाला साधारण सोळा चित्रांची धरली, तर मिनिटास हजाराच्या आसपास चित्रे होतात. महिनाभर दररोज तीसेक. रोप आपल्या अतिविलंबित लयीत वाढत होते, ते या माणसाने द्रुतात आणून दाखवले! ताल कोठे तुटता कामा नये, म्हणून रोजची बैठक चुकवून चालत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने हे ऐकून मोबाईलसमोर वाटाणे पेरले आहेत. तिसऱ्याच दिवशी कुणीतरी कुंडी हलवली, तेव्हा तिला पुन्हा आरंभ करावा लागला.

दादासाहेबांना या मिनिटभराच्या चित्राने भांडवल मिळवून दिले. त्यात पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता; रसायने कालवणे, फिल्मला भोके पाडणे ही कामे त्या माउलीने केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. तारामती झाले अण्णा साळुंके, कारण स्त्री मिळेना. ही हकीकत सर्वश्रुत आहे. मला अधिक गोडी वाटते ती त्यानंतरच्या लहान चित्रांची: काड्यापेटीतल्या काड्या नाचवणारे ‘आगकाड्यांची मौज’, आणि जुन्या केळफाची जादू पडद्यावर आणणारे चित्र. नाव झाल्यावरही ते खेळत राहिले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, आणि जादूगाराचे हात तेथेही कामास आले.

बोलपट आला तेव्हा दादासाहेब साठीला टेकले होते. कोल्हापूर संस्थानात, कोल्हापूर सिनेटोनसाठी, १९३७ साली त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला. त्यानंतर नवे काम मिळाले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास त्यांचा अंत झाला, तेव्हा हाती पैसा उरला नव्हता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.