केबलमागचा माणूस : ऑलिव्हर हेविसाइड

डिशपासून सेट टॉप बॉक्सपर्यंत येणारी काळी गोल केबल आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी सोलून पाहिलेली आहे. मध्ये एक तार, तिच्यावर पांढरा फोम, मग फॉइल आणि जाळी, वरून प्लास्टिक. तिकडे पेपरात इम्पिडन्स आणि इंडक्टन्स लिहून लिहून हात दुखतो. ही को-अ‍ॅक्शियल केबल आणि हे दोन्ही शब्द एकाच माणसाचे. आणि त्या माणसाकडे डिग्री नव्हती, बरं का!

ऑलिव्हर हेविसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनमध्ये झाला. घरची परिस्थिती बेताचीच. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू कमी येऊ लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, ती कायमची. आपल्या लॅबमधल्या व्हीटस्टन ब्रिजवाले चार्ल्स व्हीटस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान. घरातच तारयंत्राचा एवढा मोठा जाणकार असल्यामुळे ऑलिव्हरही त्याच वाटेला लागले. १८६८ साली डेन्मार्कमध्ये नोकरी धरली, पुढे न्यूकॅसलला आले.

तिथे मॅक्सवेलचा १८७३ सालचा जाडजूड ग्रंथ हाती पडला. सुरुवातीला डोक्यावरून गेला. पण पठ्ठ्याने हार मानली नाही. १८७४ मध्ये नोकरीच सोडली, आईवडिलांच्या घरी येऊन खोलीत बसले आणि अभ्यासाला लागले. त्यानंतर आयुष्यात दुसरी नोकरी केली नाही. मॅक्सवेलची वीस समीकरणं आज आपण चारच पाठ करतो, ती मेहेरबानी यांची.

त्या काळी शेजारी-शेजारी तारा टाकल्या की एकीतला संदेश दुसरीत घुसायचा. यावर हेविसाइड यांनी १८८० मध्ये पेटंट घेतलं : एक वाहक दुसऱ्या नळीसारख्या वाहकाच्या आत ठेवायचा. सगळं विद्युतचुंबकीय क्षेत्र त्या दोघांच्या मधल्या जागेत राहतं. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही.

पण खरी झुंज पुढेच होती. लांब तारेवर आवाज का बिघडतो, याचं गणित त्यांनी १८८७ मध्ये मांडलं. तारेत इंडक्टन्स वाढवला तर बिघाड कमी होतो, असं त्यातून निघालं. ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे अधिकारी विल्यम प्रीस यांचं मत अगदी उलट होतं. इंडक्टन्स म्हणजे शत्रू, असं ते मानायचे. पद मोठं, शब्दाला वजन. हेविसाइड यांनी भावाबरोबर लिहिलेला लेख अडला, मासिकातली लेखमालाही थांबली. गणित मात्र बरोबर होतं. १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी त्याच तत्त्वावर पेटंट मिळवलं. पैसा तिकडे गेला.

मान मिळाला, पण उशिरा. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९२२ मध्ये पहिलंवहिलं फॅरडे पदक. १९०२ साली त्यांनी वातावरणात वर विद्युतवाहक थर असावा, असं सांगितलं होतं. तोही पुढे खरा ठरला. शेवटची वर्षं टॉर्की गावी एकाकीपणात, पैशांच्या ओढाताणीत गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ते वारले.

आता त्यांचं गणित आपल्या मुलखात आणून बघा. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. समजा अशी एखादी गाडी टिपेश्वर अभयारण्याजवळ किंवा सहस्रकुंड धबधब्यापाशी मुक्कामाला थांबली आणि तिच्यात डिश टीव्ही बसवायचं काम तुमच्यावर आलं. कोणती केबल घ्याल?

७५ ओहमची आरजी-६ घ्या. १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण २० डेसिबल घट होते. गाडीत लागणार सात-आठ मीटर, म्हणजे दोन डेसिबलसुद्धा जात नाहीत. जुनी बारीक आरजी-५९ यापेक्षा जास्त सिग्नल खाते. याच केबलमधून डिशवरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात, म्हणून मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाची नको, अस्सल तांब्याची असलेली बरी. मध्ये जोड नको. गाडीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून पडेल. गाडी हादरणार, म्हणून क्लिपा हव्यातच. पण आवळून ठोकू नका आणि काटकोनात वाकवू नका. केबल चेपली की तार आणि जाळी यांतलं अंतर बदलतं, तिथे इम्पिडन्स बदलतो आणि सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो. हे कारण सांगणारं गणित हेविसाइड यांचंच.

मित्रांनो, मार्कशीट नसलेला माणूस बरोबर होता आणि खुर्चीवरचा चूक, हे कळायला दहा-बारा वर्षं गेली. तेव्हा व्हायवात एखाद्या पोट्ट्याने पुस्तकाबाहेरचं उत्तर दिलं, तर सरांनी त्याचं गणित एकदा तपासून पाहावं. आणि पोट्ट्यानेही नुसतं तोंडाने न बोलता ते कागदावर मांडून दाखवावं.