युरोपियन माणसाचा मेंदू वरचढ? इरावती कर्वेंनी १४९ कवट्या मोजल्या आणि उत्तर आलं ‘नाही’

साल १९२८. पुण्यातली बावीस-तेवीस वर्षांची एक विवाहित मुलगी पीएचडी करायला एकटी जर्मनीला निघाली. नाव इरावती कर्वे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे ज्यांनी देशात महिला विद्यापीठ काढलं तेच. गंमत अशी की सुनेनं शिकायला परदेशी जाऊ नये, असं त्यांचंच मत होतं. नवरा दिनकर मात्र ठाम राहिला. तो स्वतः जर्मनीत शिकून आलेला रसायनशास्त्रज्ञ. जीवराज मेहतांकडून पैसे उसने घेतले आणि इरावती गेल्या.

त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत होते. इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला पुण्याच्या हुजूरपागेत धाडलं आणि पुढे ती रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढली. फर्ग्युसनमधून बीए, मुंबईत घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एमए. आणि मग बर्लिन.

बर्लिनच्या कैसर विल्हेम संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशशास्त्रातलं तेव्हाचं हे मोठं नाव. पुढे नाझींना हव्या असलेल्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना याच फिशरच्या कामाचा आधार मिळाला. फिशरचं म्हणणं थोडक्यात असं: गोरा युरोपियन जास्त तर्कशुद्ध विचार करतो, त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. हे सिद्ध करायचं काम इरावतींकडे आलं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. यातल्या कितीतरी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधून आणलेल्या होत्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना कुणी विचारलं असेल, असं समजायचं कारण नाही. मोजमाप संपल्यावर दिसलं ते साधं होतं. डाव्या-उजव्या बाजूत फरक असतो, पण तो सगळ्याच माणसांत असतो. वंशाशी त्याचा संबंध लागत नाही. मार्गदर्शक आपल्याला पदवी देणार आहे, परका देश आहे, घरी कर्ज आहे, आणि तरीही त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं.

भारतात परतल्यावर काही वर्षं त्या सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. तिथल्या पुरातत्त्व विभागात ह. धी. सांकलिया होते. गुजरातमधल्या लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, त्या मोहिमेत सांकलियांसोबत इरावतीबाईही होत्या. हाडं वाचता येणारं माणूस कॉलेजातच होतं ना!

याच सांकलियांनी १९५४ पासून नेवाशात उत्खनन केलं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तेच प्रवराकाठचं नेवासं. ताम्रपाषाणयुगातल्या घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं तिथे सापडली. १९६० च्या अहवालावर चार नावं आहेत: सांकलिया, देव, अन्सारी आणि झोफी एरहार्ट. चौथ्या बाई जर्मन मानवशास्त्रज्ञ होत्या. चारात एक बाई, हे त्या काळच्या विज्ञानात बरंच म्हणायचं.

कारण व्यासपीठावर चित्र वेगळं होतं. जानेवारी १९४७ मध्ये दिल्लीत इंडियन सायन्स काँग्रेस भरली, सरअध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यात मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या इरावती कर्वे. विभागाच्या अध्यक्षानं भाषण करायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणजे बाईंना एका विभागाचं व्यासपीठ मिळालं. पण १९१४ पासून भरणाऱ्या या काँग्रेसची पहिली महिला सरअध्यक्ष व्हायला १९७५ साल उजाडलं. त्या असीमा चॅटर्जी, रसायनशास्त्रज्ञ.

आज ही मोजणी पद्धतशीर होते. मेंदूविज्ञानाच्या परिषदांत निमंत्रित वक्त्यांमध्ये बायका किती, हे ‘बायसवॉचन्यूरो’ नावाचा गट २०१५ पासून नोंदवतो. २०२० मध्ये श्रुती मुरलीधर आणि वैष्णवी अनंतनारायणन यांनी ‘बायसवॉचइंडिया’ सुरू केलं. पद्धत सोपी आहे. त्या विषयात काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण एका बाजूला, बोलावलेल्या वक्त्यांतलं प्रमाण दुसऱ्या बाजूला. या गटाच्या पाहणीत भारतीय संस्थांतल्या विज्ञान प्राध्यापकांत बायका जेमतेम १७ टक्के निघाल्या. इतक्या कमी असूनही काही कार्यक्रमपत्रिकांत एकही बाई नसते, आणि ‘मिळाल्या नाहीत’ हे कारण मग टिकत नाही.

इरावतीबाईंना मात्र सगळं निर्दोष ठरवायची घाई नको. फिशरचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, पण माणसांची डोकी मोजायची पद्धत सोडली नाही. महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापं त्या पुढेही घेत राहिल्या, गावोगाव फिरून. आज मानवशास्त्र या पद्धतीकडे संशयानं बघतं.

१९५१-५२ मध्ये त्या निमंत्रणावरून लंडनला गेल्या. नात्यांच्या रचनेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९५३ साली आलं, आणि जगभरच्या अभ्यासकांनी ते वाचलं. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी बाई म्हणूनही लोक त्यांना ओळखायचे. ‘युगांत’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या.

मराठी घरांत त्या ‘युगांत’च्या लेखिका म्हणूनच राहिल्या. बर्लिनच्या कवट्यांची गोष्ट सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली ती मुख्यतः २०२४ मध्ये, त्यांची नातसून नव्हे तर नात असलेल्या उर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेल्या ‘इरू’ या इंग्रजी चरित्रातून.